सुधारलेल्या खिम्याचं प्रकरण

आयोवाच्या वायव्य कोपऱ्यात माझ्याइतक्या बारीक नजरेचा माणूस दुसरा नाही. हे मीच सांगतोय, कारण बाकीच्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही. माझं नाव व्हर्लिन कोइस्ट्रा. उभा जन्म मी विमा कंपनीसाठी गारपिटीचं नुकसान तपासलं. पत्र्यावरचा पोचा गारेचा की हातोडीचा, हे मी गाडीतून न उतरता सांगायचो. मका गारेने झोपला की मालकानेच त्यावर ट्रॅक्टर फिरवला, हे मला एका फाटक्या पानावरून कळायचं. निवृत्त झाल्यावर ही नजर वाया जाऊ नये म्हणून मी गावातली प्रकरणं हाती घ्यायला लागलो. चर्चच्या हिरवळीवर खड्डे कोण पाडतं, ते मी शोधून काढलं. खारी पाडत होत्या. सुरुवातीला माझा संशय पाद्रीसाहेबांवर होता, पण तो तपासाचा भाग होता.

माझी बायको आर्डिथ म्हणायची, "व्हर्लिन, तुला नाकासमोरची मिठाची डबी दिसत नाही, आणि निघालास गुन्हेगार धरायला." ती गेल्या नोव्हेंबरात गेली. मिठाची डबी मला अजून सापडायची आहे.

आता प्रकरण सांगतो.

आमच्याकडे बुधवार हा चर्चचा वार. त्या संध्याकाळी पोरांचा धर्माचा वर्ग असतो, म्हणून शाळासुद्धा सामने ठेवत नाही. आमची मुलगी जनेल, जावई कर्ट आणि नात ब्रिटा वर्गाला जाण्याआधी साडेपाचला आमच्याकडे जेवायला येतात. जेवण ठरलेलं. स्लॉपी जो. म्हणजे बीफचा खिमा कांद्यावर परतायचा, केचप, मोहरीचा सॉस आणि थोडी साखर घालून गचगचीत शिजवायचा आणि गोल पावात भरायचा. बाजूला वेफर्स आणि लोणच्यातली काकडी. खाताना निम्मा खिमा ताटलीत सांडतो आणि थोडा बाहीवर. शाळेतून, कामावरून दमून आलेल्या माणसांना याहून सोपं जेवण नाही. आर्डिथ ते बोलता बोलता करायची.

ती गेल्यावर मी करायला लागलो. तपासाची सवय असल्याने मी प्रत्येक जिन्नस घालताना विचार करायचो, आणि मला वाटतं तिथेच घात झाला. एकदा तो गोड झाला, एकदा नुसता आंबट. एकदा मी ढोबळी मिरचीचे मोठे मोठे तुकडे घातले, कारण ते आरोग्याला चांगले. ब्रिटाने ते ताटलीच्या कडेला ओळीने मांडून ठेवले आणि वेफर्सवर पोट भरलं. जानेवारीच्या शेवटी जनेल माझ्याबरोबर भांडी पुसत होती. चर्चच्या तळघरात बुधवारचं जेवण सुरू झालंय, ब्रिटाच्या मैत्रिणी तिथेच जेवतात, असं ती सहज म्हणाली. तुमचीही दगदग वाचेल, असंही म्हणाली. मी म्हटलं, बघू. ती ताटली तिने फार वेळ पुसली.

माझ्याकडे आठवड्यात सात वार असतात, पण खरा वार तो एकच. तो गेला असता तर मला कॅलेंडरची गरज उरली नसती.

आणि मग फेब्रुवारीत ते घडलं. नेहमीसारखा मी दुपारी खिमा शिजवला, स्लो कुकरमध्ये मंद आचेवर ठेवला आणि दोन वाजता धान्यकोठारावर कॉफीला गेलो. तिथे आम्ही म्हातारे रोज जमतो आणि फासे टाकून कॉफीचे पैसे कुणाच्या गळ्यात मारायचे ते ठरवतो. चारला परतलो. साडेपाचला सगळे बसले. ब्रिटाने एक घास घेतला, थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि दोन पाव संपवले. जनेल खाली बघून जेवत होती. कर्टने बाही खराब केली. तो खिमा आर्डिथचा होता. म्हणजे चव. अगदी तीच.

माझा पहिला तर्क असा होता की मला जमलं. हा तर्क मला फार आवडला आणि मी तो आठवडाभर धान्यकोठारावर सविस्तर मांडला. पण मी प्रामाणिक तपासनीस आहे. पुढच्या बुधवारी पुन्हा तीच चव लागली, तेव्हा मी तळाशी डाव फिरवून बघितला. मी मिरचीचे तुकडे घातले होते. भांड्यात एकही नव्हता. मिरची विरघळत नाही. याचा अर्थ एकच: दोन ते चारच्या दरम्यान कुणीतरी माझ्या घरात शिरलं होतं आणि माझं जेवण सुधारून गेलं होतं. घरातून काही चोरीला गेलं नव्हतं. गेला होता तो फक्त माझा खिमा, आणि त्याची तक्रार कुणी नोंदवून घेईल असं मला वाटलं नाही.

मी घर तपासलं. गॅरेजमधला मोठा फ्रीजर तपासला. वाटाणे, मका, कर्टने मारलेल्या हरणाचं तंगडं, व्हॅनिला आइसक्रीमच्या बादल्या. डॉक्टरांनी मला साखर बंद केली आहे म्हणून बादल्यांना मी बोटही लावलं नाही. माझा संयम गावात प्रसिद्ध आहे.

दुसरा तर्क गायीचा. आम्ही दरवर्षी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून अर्धी गाय घेतो. गायच असामान्य असली तर? मी त्याला फोन करून विचारलं की ती गाय काय खायची, तिचा स्वभाव कसा होता, तिला कधी मिरचीचा तिटकारा होता का. मग त्याने विचारलं की मला अर्धी परत करायची आहे का.

तिसरा तर्क मी कुणाला सांगितला नाही. पुरावा शून्य होता. तरी तो मी बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस बाळगला. त्या दिवसांत कॉफीहून परतलो की मी दार जरा हळू उघडायचो.

चौथा तर्क मात्र भक्कम होता: ट्वायला बोगार्ड. ही आमच्या समोरच राहते, आर्डिथची जुनी मैत्रीण, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचं गॅरेज दिसतं, म्हणजे मी कधी बाहेर पडतो ते तिला कळणार. शिवाय तिचा कुत्रा हँक हिवाळ्यात एकाएकी जाड झाला होता. माझा खिमा कुठे जात असेल, हे मला त्या पोटाकडे बघून उमगलं. संधी, साधन, कुत्रा, सगळं जुळलं. राहिला हेतू. तो विचारात घेतल्यावर मी आरशात जाऊन केस नीट केले. एकट्या राहणाऱ्या पुरुषाच्या घरी बायका जेवण पोचवतात, हे आमच्या गावात नवं नाही. गुपचूप पोचवणारी मात्र पहिलीच.

खात्री करायची तर तिच्या हातचा खिमा चाखायला हवा. मी तिच्या दारात गेलो आणि स्पष्टच म्हटलं की मला तुमचा स्लॉपी जो खायचा आहे. तिने मला आत घेतलं, करून वाढला. त्यात तिने कोंबडीच्या सूपचा डबा ओतला होता. चव वेगळीच होती. पण हुशार गुन्हेगार चव बदलणारच, म्हणून मी दोन दिवसांनी पुन्हा गेलो. मग रविवारनंतर पुन्हा. तपासात घाई चालत नाही, आणि खिमा वाईट नव्हता.

गावाने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. धान्यकोठारावर मी खुर्ची ओढली की चर्चमधल्या लग्नात नवरी आत येताना उठतात तसे सगळे जण उठून उभे राहायला लागले. जनेलचा फोन आला.

"बाबा, तुम्ही ट्वायलाकाकूंकडे जेवता म्हणे."

"तपास चालू आहे."

"कसला तपास?"

"ते उघड करता येत नाही."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "आईला जाऊन चार महिने झालेत, बाबा." आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतरच्या बुधवारी प्रकरण निकालात काढायचंच, असं मी ठरवलं. अडचण एवढीच की गुन्हेगार सापडला की जेवण बंद, जेवण बंद झालं की बुधवार बंद. पण लेकीला वाटतं तसं काही नाही, हे सिद्ध करायला दुसरा मार्ग नव्हता. मी खिमा शिजवून ठेवला आणि कॉफीला जाताना पुढचं दार, मागचं दार आणि गॅरेज, तिन्हींना कुलूप लावलं. आमच्या गावात दिवसा कुणी कुलूप लावत नाही. किल्ली शोधण्यातच माझी सकाळ गेली होती. आज जेवण बदललं नाही तर दाराने येणारा माणूस, बदललं तर माझा तिसरा तर्क. असा तो सापळा होता.

चारला वळणावर आलो तर माझ्या अंगणात जनेलची गाडी, रस्त्यावर कर्टचा घरोघर गॅस पोचवायचा टाकीचा ट्रक, आणि ट्वायला एप्रनवर कोट चढवून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून उभी. शेजारी हँक. मला बघून जनेल पायरीवर मटकन बसली.

"दाराला कुलूप होतं," ट्वायला म्हणाली. "आज तुम्हाला निघताना पाहिलं नाही. मला वाटलं, तुम्ही आत पडलात. दिवसाढवळ्या कुलूप कोण लावतं?"

मी शांतपणे म्हटलं की हा सापळा होता आणि त्यात ती अडकली आहे. दर बुधवारी माझ्या घरात शिरून खिमा बदलणाऱ्या तुम्हीच, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, कुत्र्याच्या पोटासकट.

ट्वायलाने आधी हँककडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अहो, तो तर कर्ट," ती म्हणाली. "दर बुधवारी अडीचला एक बादली घेऊन आत जातो आणि एक घेऊन बाहेर येतो. बाहेर आणलेली हँकला घालतो. पहिले दोन आठवडे त्याने खाल्लं, आता कर्टचा ट्रक दिसला की गॅरेजमागे जाऊन बसतो. आज कुलूप बघून कर्ट माझ्याकडे आला, म्हणून तर मी जनेलला फोन केला. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

कर्ट ट्रकला टेकून उभा होता. त्याच्या हातात आइसक्रीमची बादली होती, व्हॅनिलाची. आमच्या भागात या बादलीत आइसक्रीम एकदाच असतं. त्यानंतर तिच्यात सूप, खिळे, बटणं, काहीही असू शकतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वर व्हॅनिला लिहिलंय म्हणून आत व्हॅनिलाच आहे असं मानून फ्रीजरचं झाकण लावणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच निघाला.

"जावईबापू," मी म्हटलं, "बोला."

कर्ट वर्षाकाठी चारपाच वाक्यं बोलतो. त्याने वर्षाचा कोटा तिथेच संपवला. "ऑक्टोबरात आईंनी शिजवून भरल्या. मी फ्रीजरमध्ये ठेवायला होतो. त्या म्हणाल्या, आधी त्याला करू दे. पोरगी खाईनाशी झाली की एकेक काढ. मी आदल्या दिवशी एक कामावरच्या फ्रीजमध्ये ठेवतो, म्हणजे बर्फ सुटतो. त्याला सांगू नकोस म्हणाल्या. त्याला वाटू दे, त्यालाच जमलं."

जनेल रडत होती की हसत होती ते मला कळेना. ती दोन्ही करत होती. असं ती लहानपणापासूनच करते.

मी विचारलं की अजून किती आहेत. कर्टने हातातली बादली जरा वर उचलली. म्हणजे हीच.

ती ठेवून द्यावी, असं जनेलला वाटत होतं. ट्वायलाला वाटत होतं की आपल्याला कुणी विचारू नये. ऑक्टोबरात आर्डिथला धड उभं राहवत नव्हतं. मी तेव्हा रोज विचारायचो की स्वयंपाकघरात इतका वेळ काय करतेस, आणि ती सांगायची की आवरतेय. माझी नजर बारीक आहे, असं मी वर लिहिलं आहे.

"गरम करा," मी म्हटलं. "तिने जेवायला केलंय."

ट्वायलालाही बसवलं. ब्रिटा शाळेतून आली तेव्हा पाव मांडून झाले होते. तळाशी शेवटी एक डाव उरला. प्रत्येकाने तो दुसऱ्याकडे सरकवला आणि भांडं टेबलाभोवती पूर्ण फिरून माझ्यापुढे आलं. मी तो पावात भरला आणि सावकाश खाल्ला. तिने काय घातलं होतं ते ओळखायचा मी प्रयत्न केला नाही.

मग मी जनेलला म्हटलं, पुढच्या आठवड्यापासून तुम्ही चर्चच्या तळघरात जेवा. माझ्याकडे आता माझ्याच हातचं उरलंय, आणि ते कुत्राही खात नाही.

ती हात पुसत होती. तिने कर्टकडे बघितलं, ब्रिटाकडे बघितलं.

"आम्ही बुधवारी साडेचारलाच येतो," ती म्हणाली. "कांदा मी चिरीन, ब्रिटा ढवळेल. तुम्ही जरा लांब बसा, आणि आई कसं करायची ते आठवत असेल तर बोलत राहा."