एकेचाळीस प्रश्नांची खोली

आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला खोली आणि सोबतीण निवडण्याचा अधिकार आहे. माहितीपुस्तिकेच्या पान नऊवर तो जाड अक्षरांत छापला आहे. पहिल्या वर्षी हा अधिकार नसतो. तेव्हा स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतात आणि शिपायाच्या हाताला येईल ती मुलगी, येईल त्या खोलीत जाते. दुसऱ्या वर्षाच्या अधिकारासाठी मात्र एक समिती आहे. मी तिचा सचिव. मूळचा भूगोलाचा प्राध्यापक, पण भूगोलाला विद्यार्थी कमी पडल्यामुळे इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं.

यंदा जूनमध्ये समितीने एकमताने ठराव केला की, वसतिगृहात यापुढे जात पाळली जाणार नाही, आणि कळूही दिली जाणार नाही. अध्यक्ष भागवत सर म्हणाले, “सगळा घोळ आडनावात आहे.” म्हणून अर्जातला आडनावाचा रकाना काढला. हजेरीपट, ओळखपत्रं, मेसची यादी, सगळीकडे व्हाईटनर फिरवला. मूळ प्रवेश अर्ज एका लोखंडी कपाटात बंद केले आणि ते उघडायचं तर शेजारच्या नोंदवहीत कारण लिहायचं, असा कडक नियम केला. या सुधारणेबद्दल वसतिगृहाला एक ढाल मिळाली. ढाल धरलेल्या भागवत सरांचा फोटो पेपरच्या जिल्हा पुरवणीत आला.

ढालीच्या दुसऱ्याच आठवड्यात पहिला अर्ज आला. देऊळघाटची मंजुश्री आणि वरवट बकालची छकुली. गेल्या वर्षी चिठ्ठीनं दोघी खोली क्रमांक सातमध्ये एकत्र आल्या होत्या. छकुलीला टायफॉइड झाला तेव्हा मंजुश्रीनं नऊ दिवस तिला पेज भरवली, तिची प्रयोगवही उतरवून दिली आणि तिच्या वडिलांना रोज फोन केला. यंदा वडिलांनी लेकीला बजावलं होतं, “मंजूसंग खोली भेटली तं ठेवतो. नाही तं वरवटले घरी चाल, बस झालं शिक्षन.” खोलीवाटपाची मुदत पंधरा जुलै होती. अर्जात दोघींनी एकच ओळ लिहिली होती: आम्हाला पुन्हा सातच पाहिजे.

अर्ज सरळ होता. तिथंच अडलं.

“सर,” अधीक्षिका पुष्पाबाई हळूच म्हणाल्या, “ह्या दोघी कोन कोन हायेत, काही समजून नाही राह्यलं.”

“समजायला नकोच आहे, बाई. आपला ठराव आहे.”

“ठराव हाये ना. मले काही नाही. पन उद्या एकीचा डबा दुसरीले चालला नाही, तं रात्री-बेरात्री भांडन मलेच सोडवा लागते.”

भागवत सरांना हा मुद्दा प्रशासकीय वाटला. मीही मान हलवली. मग समितीने ‘सुसंगतता पत्रक’ तयार केलं. त्यात एकेचाळीस प्रश्न होते आणि जातीचा एकही नव्हता. तसा वकिलाचा लेखी अभिप्रायही घेतला. घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे, समोरच्या खोलीत कोणाच्या तसबिरी आहेत, बहिणीच्या लग्नात काय म्हटलं गेलं, कोंबडी कोणत्या वारी होते, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली सुट्टी कशी घालवता, असे साधे, सांस्कृतिक प्रश्न. उत्तरांवरून शंभरपैकी निर्देशांक काढायचा होता. साठच्या वर आला तर खोली एकत्र.

मुलींनी पत्रक प्रामाणिकपणे भरलं, आणि त्या प्रामाणिकपणानं समितीचा घात केला. घर कोणत्या बाजूला? मंजुश्रीनं लिहिलं, एसटी थांब्याच्या. छकुलीनं लिहिलं, शाळेच्या. तसबिरी? एकीकडे फेट्यातले आजोबा, दुसरीकडे बारावीत पहिला आलेला भाऊ. लग्नात काय म्हटलं? डीजे लागला होता, ऐकू आलं नाही. कोंबडीचा वार? पाहुणा येईल तो. एप्रिलची सुट्टी? परीक्षा असते. दोघींचा निर्देशांक पन्नास आला. म्हणजे काहीच आलं नाही.

“या मुली काहीतरी लपवत आहेत,” भागवत सर म्हणाले.

कपाट उघडावं, असं सर्वांच्या मनात होतं. पण नोंदवहीत कारण काय लिहायचं? यावर दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत ‘वाळवीची पाहणी’ असं सुचलं, पण कपाट लोखंडी होतं. दुसऱ्या बैठकीत चहा झाला. खरं कारण आम्हा सर्वांना ठाऊक होतं. ते स्वतःच्या अक्षरात लिहायला कोणी तयार होईना. मी सचिव असल्यामुळे वही दोनदा माझ्याकडे सरकवण्यात आली आणि मी ती दोनदा परत सरकवली.

तोवर वर्ग सुरू झाले. दोघींना ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून टेबल टेनिसच्या खोलीत ठेवलं होतं. तेरा जुलैला मंजुश्री थेट समितीपुढे येऊन उभी राहिली.

“सर, तुमाले नेमकं काय पायजे हाये, ते सीदं विचारा ना. मी सांगून देते. खोलीचं काम तं होऊन जाईन.”

“आम्हाला काहीही विचारायचं नाही,” भागवत सर जवळजवळ दुखावले. “आम्ही ते मानतच नाही, बाळ.”

“मंग द्या ना खोली.”

“ते नियमात बसलं पाहिजे.”

“कोन्त्या नियमात?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. पालकांना सदिच्छा भेटीसाठी बोलवावं, असा ठराव त्या दिवशी मंजूर झाला. पालक लोक जुन्या वळणाचे असतात आणि त्यांच्या तोंडून गोष्टी सहज निघून जातात, हे समितीला अनुभवानं माहीत होतं.

पंधरा तारखेला छकुलीचे वडील माणिकराव पहिल्या बसनं आले. पांढरा शर्ट, पायांत नवी चप्पल, हातात स्टीलचा डबा. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते, ते मंजूसाठी. तिला त्यांनी फक्त फोनवर ऐकलं होतं. आल्या आल्या त्यांनी रीतीप्रमाणं आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. समितीनं ऐकलं नाही असं दाखवलं. पुष्पाबाईंनी खुर्ची जराशी हलवली.

मग माणिकरावांनी मंजुश्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. “पोरी, तू नसती तं मही लेक हाती लागली नसती. देवासारखी हायेस.” आणि त्याच सुरात, बसमध्ये शेजारच्याला विचारावं तसं, पुढं म्हणाले, “आडनाव काय म्हनलं तुहं?”

असला असभ्य प्रश्न आमच्या कार्यालयात कोणी विचारला नव्हता. भागवत सरांनी डोळे मिटले. पुष्पाबाई पुढं झुकल्या. छताचा पंखा फार खडखडतो, त्यात बारीक आवाज ऐकू येत नाही. त्याचं बटण माझ्या खुर्चीमागं आहे. पंखा मी बंद केला.

मंजुश्रीनं त्या शांततेत आडनाव सांगितलं. माझ्याकडेच बघत सांगितलं.

माणिकरावांनी हात काढून घेतला नाही, पण तो हलायचा थांबला. ते खाली बघत म्हणाले, “मले काही नाही, बाई. तुह्या घरच्यायले चालते का पन हे?”

“चालते, काका. वर्षभर चाललंच ना.”

“तवा मालूम नोतं.”

“मले मालूम होतं, बाबा,” छकुली म्हणाली. “पयल्या दिवसापासून.”

“तू लहान हायेस. उद्या कोनी काही बोललं, तं तुले सहन होईन? आपन तिथं वरवटात, भांडाले कोन येनार?” मग ते भागवत सरांकडे वळले. “सर, मले काही नाही. लोकायचं पाहा लागते.”

“आमचंही काही नाही,” भागवत सर म्हणाले. “पालकांच्या भावनेचा आदर आहे, इतकंच.”

“मले तं काहीच नाही,” पुष्पाबाई म्हणाल्या.

मला काय आहे, हे कोणी विचारलं नाही. मी लिहीत होतो.

छकुलीला त्याच दिवशी दुपारच्या बसनं घरी नेलं. पेटी उचलायला मंजुश्री थांब्यापर्यंत गेली. छकुली खिडकीतून एकसारखं म्हणत होती, “प्रयोगवही ठेव तुह्याजवळ, मी येते ना परत.” ती आली नाही. दुसऱ्या वर्षाच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढं नुसत्या फुल्या आहेत. एवढी हुशार पोर आम्ही घालवली, आणि एकही नियम न मोडता घालवली.

लाडवांचा डबा टेबलावरच राहिला. तो कोणाच्या घरचा, हे तोवर कळलं होतं. भागवत सरांनी दोन खाल्ले. पुष्पाबाईंना उपास निघाला, वार बुधवार असूनही. मी एक उचलला आणि रुमालात गुंडाळून ठेवला, तो पुढं कुठं गेला ते आठवत नाही.

मंजुश्रीला खोली क्रमांक सात मिळाली, तिच्या पहिल्या पसंतीप्रमाणं. दुसरी खाट रिकामी आहे. वार्षिक अहवालात मी लिहिलं: निवडीच्या अधिकाराची अंमलबजावणी शंभर टक्के, तक्रारी शून्य. चिठ्ठीनं एकत्र आलेल्या मुलींचं आपसात जमून जातं, असं आढळल्यामुळे पुढच्या वर्षापासून पहिल्या वर्षालाही पत्रक लागू करावं, अशी शिफारस आहे.

इतिवृत्तात आडनावं लिहायची नाहीत, असा आमचा ठराव असल्यामुळे इथंही मी ती लिहिलेली नाहीत. पण वाचकहो, आपण फेट्यातल्या आजोबांपाशी थांबलात. एप्रिलमधल्या परीक्षेपाशी थांबलात. माणिकरावांचा हात थांबला तेव्हा आपलं जवळपास ठरलं होतं, आणि पुष्पाबाईंच्या उपासापाशी आल्यावर ते पुन्हा मोडून आपण नव्यानं मांडलंत. मंजुश्रीनं काय आडनाव सांगितलं, हे कळावं म्हणून आपणही पंखा बंद व्हायची वाट पाहत होतात.

समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करावा. आपल्याला तसं काही नाही, हे आम्ही धरूनच चालतो.