अर्जंट आणि इम्पॉर्टंट

रजेच्या अर्जावर दोन चौकोन छापलेले होते, एक ‘अर्जंट’ आणि दुसरा ‘इम्पॉर्टंट’. इंद्रजीतने दोन्हींत खूण केली आणि अर्ज दहा मिनिटांत परत आला.

नवी पेठेतल्या त्या टॉवेल कंपनीच्या कार्यालयात हे चौकोन महेश्वरी मॅडमनी आणले होते. पुण्याच्या एका प्रशिक्षणातून परतल्यावर त्यांनी सर्वांना समजावले होते की, लोक हे दोन शब्द सरसकट वापरतात आणि त्यातच आयुष्य वाया घालवतात. आज केले नाही तर नासते, ते अर्जंट. जन्मभर पुरते, ते इम्पॉर्टंट. अर्जंट अर्जांवर त्याच दिवशी सही होई. इम्पॉर्टंट अर्ज हिरव्या फायलीत जात आणि ती फाईल महिन्याच्या पहिल्या सोमवारी, शांत मनाने उघडली जाई.

इंद्रजीतला शुक्रवारची रजा हवी होती. त्या दुपारी अंकिताच्या गावी, केमला, त्या दोघांच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. नोकरीत कायम व्हायला त्याला एकच महिना उरला होता, त्यामुळे न सांगता जाण्याची सोय नव्हती.

“शुक्रवारी नाही झालं, तर नासेल का?” मॅडमनी विचारले.

इंद्रजीत विचारात पडला. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतासारखा धीर त्याने अंकिताच्या डोळ्यांत पाहिला होता. खोटे बोलणे त्याला जमत नसे.

“नाही, मॅडम.”

“मग इम्पॉर्टंट.”

अर्ज हिरव्या फायलीत गेला. जावक विभागातल्या चांदसाबने हे ऐकून कपाळाला हात लावला. “अरे, नासेल म्हणायचं की. शादी हाय का लोणचं, कोण बघाय येतंय?”

त्या संध्याकाळी इंद्रजीतने केमला फोन लावला. अंकिताच्या आत्या दगडाबाई यांनी तो उचलला, आणि घरातल्या सर्वांना ऐकू यावे म्हणून स्पीकरवर ठेवला. तारीख थोडी पुढे ढकलता येईल का, असे त्याने विचारले. कारण विचारल्यावर त्याने तेही प्रामाणिकपणे सांगितले.

“लग्न महत्त्वाचं आहे, आत्या. फक्त अर्जंट नाही.”

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग फोन बंद झाला.

पुढचे दोन दिवस त्याचा फोन कोणी उचलला नाही. तो टॉवेलच्या गठ्ठ्यांच्या नोंदी करत राहिला. पांढऱ्या रंगात एवढे एकटेपण असते, हे त्याच्या प्रथमच लक्षात आले.

शुक्रवारी सकाळी दगडाबाईंच्या नंबरावरून संदेश आला: ‘आज चारपर्यंत पोरगा दारात दिसला न्हाय, तर संबंध मोडला.’

मॅडमनी तो दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. “हे आता अर्जंट झालं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी हिरवी फाईल मागवली. “इम्पॉर्टंटची खूण खोडा. दोन्ही चालत नाहीत.”

स्वतःच्या लग्नासमोरची ती खूण इंद्रजीतने खोडली. मॅडमनी लगेच सही केली.

साडेतीनला तो केमच्या त्या दारात उभा होता. क्षमायाचनेची चार वाक्ये त्याने गाडीत पाठ केली होती. परंतु आत सतरंज्या अंथरलेल्या होत्या, पाहुणे चहा पीत होते आणि दगडाबाई हसत सामोऱ्या आल्या.

“या की जावईबापू. लई उशीर केला.”

“आत्या, तुमचा मेसेज…”

“कसला मेसेज? मला कुटं लिवता येतंय?”

तेवढ्यात अंकिता पाणी घेऊन आली. तिने नजर खालीच ठेवली होती.

“मीच टाकला,” ती हळू आवाजात म्हणाली. “दोन दिवस फोन माझ्यापाशीच होता, घरात म्हटलं तुम्ही येताय. तुमच्या मॅडमना अर्जंट लागतंय न्हवं? मग केलं.”

इंद्रजीतच्या छातीवरचे दोन दिवसांचे ओझे उतरले. तो प्रथमच हसला.

“आणि मला चारच्या आत पोचता आलं नसतं तर?”

अंकिताने तांब्या त्याच्या हाती दिला.

“तर ते खरं झालं असतं.”