जाण्याचं कौतुक

आमच्या सोसायटीतले सबनीसकाका कुणाकडे पहिल्यांदा गेले की बसायच्या आधी बाथरूम कुठे आहे ते विचारतात. आत जातात, फ्लश ओढतात, दार उघडंच ठेवून कान देतात आणि बाहेर येऊन निकाल सांगतात. "जातंय. पण कुरकुरत जातंय."

सहकारनगरात आम्ही राहायला आलो त्याच दिवशी ते आमच्याकडे असे आले. माझ्या सासूबाईंना वाटलं, बिचाऱ्यांचं पोट बिघडलंय. त्यांनी लगबगीने ओवा आणून दिला. काकांनी तो शांतपणे चावला आणि म्हणाले, "धन्यवाद. तुमचं पाणी आत्ता कोपऱ्यावरच्या चेंबरला वळलं असेल."

काका ड्रेनेज खात्यात इंजिनिअर होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण निवृत्त फक्त कागदावर. पुण्यात पावसाळा आला की लोक खडकवासल्याचे टक्के क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारतात. काकांना कुणी विचारलं की ते म्हणतात, "आलेल्याची चौकशी सगळे करतात हो. गेलेल्याची कोण करतो?" हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्नाला गेले तरी जिलबीपेक्षा हात धुवायच्या जागेकडे लक्ष जास्त. काकू होत्या तोवर जेवताना हा विषय बंद असायचा. त्या गेल्यावर बंदी घालणारं कुणी उरलं नाही. एकदा कोजागिरीला, ऐन मसाला दूध पिताना, गाळ कसा बसतो हे त्यांनी चमचा हातात घेऊन समजावून सांगितलं. निम्म्या लोकांनी पेले खाली ठेवले.

मी शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे माझ्याबद्दल त्यांना थोडी आशा असावी. "बाई, नदी मुलांना कुठपर्यंत शिकवता?" असं त्यांनी एकदा विचारलं. "उगमापासून मुखापर्यंत," मी म्हणाले. "आणि मधे आपण तिच्यात काय सोडतो, ते?" मी म्हणाले, ते अभ्यासक्रमात नाही. "नसणारच," काका म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतली जुनी ड्रेनेज लाइन बदलायचं काम निघालं. गल्ली खणली गेली, गाड्या बाहेरच्या रस्त्यावर गेल्या आणि सगळी सोसायटी वैतागली. काका मात्र घरचं कार्य असल्यासारखे सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून चराच्या काठाला हजर. आमचे चेअरमन तणतणत आले. "सबनीस, महिनाभर गाडी बाहेर ठेवायची म्हणजे काय?"

"तुमची गाडी महिनाभर बाहेर राहील," काका म्हणाले. "तुमचं बाकीचं पन्नास वर्षं वाहणार आहे. शहराने त्यावर खर्च केलाय. जरा कौतुकाने बघा."

पाइप टाकून झाले. चर बुजवायचा त्या सकाळी काका माझ्या दारात आले. हातात गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. "बाई, दुसरं टोक धराल का? पाच मिनिटं."

रविवार होता. मी गेले. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला काका, असं करत आम्ही चराच्या कडेने गेलो. दर पाइपाच्या सांध्याशी काका पट्टीने माप घ्यायचे आणि वहीत लिहायचे. कोपऱ्याजवळ ते थांबले. तिथले दोन पाइप जवळजवळ सपाटच बसले होते, उतार नसल्यासारखे.

ठेकेदाराचा सुपरवायझर धावत आला. "आजोबा, मशीनने लेव्हल घेतलीय."

"मशीन बरोबर असेल. त्यानंतर खालची माती बसली. बघा."

त्याने वाकून पाहिलं. "दोन बोटांचा तर फरक आहे! दोन बोटांनी काय होतंय?"

मागे चेअरमन आलेच होते. अजून दोन दिवस काम लांबणार म्हटल्यावर ते आणि आणखी चारपाचजण काकांवर तुटून पडले. एरवी काकांनी प्रत्येकाला एकेका वाक्यात गार केलं असतं. त्या दिवशी त्यांचा आवाज चक्क कापला. "दोन बोटांनी गाळ बसतो. गाळ बसला की तुंबतं. आणि तुंबलं की कुणाला तरी..." ते प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले, मातीच्या ढिगाला टेकवली आणि बसले. "बुजवू नका."

दुपारी सुपरवायझरने आपल्या साहेबाला बोलावलं. त्याने पुन्हा मोजलं आणि दोन्ही पाइप काढायला लावले. चेअरमन काकांशी बोलायचे थांबले. काकांचा मात्र चराच्या काठावर चढउतर करून गुडघा सुजला.

त्याच आठवड्यात गुरुवारी शाळेतून परतताना मला काका रिक्षा स्टँडवर दिसले. लंगडत होते, हातात चिकूंची पिशवी. हडपसरला जायचं म्हणाले. ते नको नको म्हणत असताना मी त्यांना गाडीत बसवलं.

हडपसर गावठाणात दोन खोल्यांचं घर होतं. दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या, "या सायेब. सकाळपास्नं इचारत्यात, आज गुरुवारच हाय ना म्हणून." आत खाटेवर एक हाडकुळे गृहस्थ उशांना टेकून बसले होते. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. काका खाटेच्या कडेला बसले. "बबनराव, आमच्या गल्लीतली लाइन झाली."

"उतार?"

"शंभराला एक. स्वतः बघितला."

"मंग तुंबायचं न्हाय."

"नाही."

"कुनी उतरायचं न्हाय आता."

"कुणी नाही. लागलंच तर मशीन येतं."

बबनरावांनी डोळे मिटले. बोलण्याचाही दम लागला होता, पण चेहरा निवला होता. मग काकांनी खिशातली वही काढून शहरात आणखी कुठे कुठे नवी लाइन पडली ते एकेक गल्ली घेऊन सांगितलं. सांगता सांगता ते चिकू सोलत होते, बिया काढत होते आणि दोन श्वासांच्या मधे छोटी फोड बबनरावांच्या तोंडात देत होते.

बाहेर ओट्यावर त्या बाईंनी मला हळू आवाजात सांगितलं. "ह्ये सायबांच्याच हाताखाली व्हते. त्या टायमाला तुंबलं की मानसंच उतरायची चेंबरात. आत ग्यास झाला. सायबांनीच दोर वढून काढलं ह्यास्नी. छाती कामातनं गेली ती गेलीच. तवापास्नं सायबांचा येक गुरुवार चुकला न्हाई."

परतताना स्वारगेट आलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काका समोर बघत म्हणाले, "वास येतोय, असं तो म्हणाला होता. मी वर उभा होतो, नकाशा धरून. म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम आहे."

सिग्नल सुटला. सहकारनगरात शिरताना त्यांनी विचारलं, "बाई, गुरुवारी तुमची शाळा किती वाजता सुटते?"

"पाचला. आपण साडेपाचला निघत जाऊ."

"बरं," ते म्हणाले. "मग चिकू वाटेतच घेऊ. त्याला मऊ लागतात."