मुंगीच्या गाड्यात आजी

“पाच मिनिटं पुरे! दुकानातली एकूण एक वस्तू पाच मिनिटांत नापास करून दाखवते!”

आरशासमोर शाल सावरताना आजी असं म्हणाल्या खऱ्या, पण मनातल्या मनात. मोठ्याने त्या एवढंच म्हणाल्या, “चला, मी तयार आहे. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, पट्टे मी बघणार!”

आणि पट्टे त्यांनीच बघावेत हे रास्तही होतं. तंबू आणि पाठपिशव्या शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची बारा तपासनीस म्हणून. त्या कारखान्याचा एक नियम होता. पट्टा नुसता ताणून पास करायचा नाही! तो तुळईला बांधायचा, तपासनिसाने स्वतः त्याला लटकायचं, दहा आकडे मोजायचे आणि मग शिक्का. आजी इतक्या पट्ट्यांना लटकल्या होत्या की वटवाघळांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी!

पण खरा प्रश्न पट्ट्यांचा नव्हताच, रविवारचा होता. लेक आणि जावई म्हणजे पायाला भिंगरी लावलेली माणसं. रविवार उजाडला की सायकली काढून दोघं तळ्याकडे नाहीतर टेकडीकडे पसार! दीड वर्षाची नात मुंगी मग दिवसभर आजींची. (नाव मुंगी, वजन अकरा किलो. जन्मली तेव्हा खरोखर मुंगीएवढी होती, पुढे तिने फार मनावर घेतलं.) आजींचे बाकीचे सहा दिवस त्या सातव्याच्या आशेवर निघत. आणि आता जावयाच्या डोक्यात आलं होतं की मुंगीलाही बरोबर न्यायचं. त्यासाठी तिला बसवायला काहीतरी घ्यायचं, तेही आजच. म्हणजे पुढच्या रविवारपासून घरात उरणार कोण? आजी, भिंतीवरचं घड्याळ आणि त्याची टिकटिक!

“मला करमणार नाही” असं म्हणायचा आजींचा स्वभाव नव्हता. त्या फार तर डोक्यावरून शाल घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत. मग घरादाराने ओळखायचं की आज बोलण्यात अर्थ नाही.

दुकान चांगलं ऐसपैस होतं. एका भिंतीवर सायकली टांगलेल्या, कोपऱ्यात उघडे तंबू, आणि मधोमध मुलांना वाहून नेण्याची इतकी साधनं की जगातली सगळी मुलं उद्या सकाळी गाव सोडून निघाली आहेत की काय असं वाटावं! जावई हातात तक्ता घेऊन उभा. सतरा रकाने! वजन, छत, चाकं, झटके, जाळी, निशाण... लग्न ठरवताना त्याने एवढी चौकशी केली नव्हती.

“आई, तुम्ही म्हणाल ते,” तो अदबीने म्हणाला. सात वर्षं झाली, सासूबाईंसमोर त्याची तीनच वाक्यं होती. ‘हो आई’, ‘नको आई’ आणि ‘तुम्ही म्हणाल ते’.

आजींनी झपाट्याने सुरुवात केली. छातीशी बांधायची झोळी? “ही तान्ह्यांची. आपली मुंगी यात घातली तर आईचीच झोळी होईल. नापास!” सायकलच्या दांड्यावरची चिमुकली खुर्ची? “हिचे गुडघे हँडलला लागतील. नापास!” मागच्या कॅरिअरवरची खुर्ची? “सायकल उभी करताना कलंडली की संपलं. नापास!”

दुकानाची मालकीण गोरीमोरी झाली. आजी खुशीत आल्या. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती!

पाठीवर घ्यायची उंच खुर्ची मात्र लेकीने तोवर मुंगीसकट चढवली होती. मुंगी आईच्या डोक्याच्याही वर, राजाच्या थाटात! तिथून तिने छताला लोंबणारं एक हेल्मेट काढलं, दोन निशाणं काढली आणि शेवटी मालकिणीच्या केसांतली पिनही काढली.

“आणि हा आमचा ट्रेलर,” मालकीण केस सावरत म्हणाली.

सायकलच्या मागे जोडायचा दोनचाकी गाडा होता तो. निळं छत, पुढे-मागे जाळी, पुढच्या जाळीवर ओढून घ्यायचा पडदा आणि गाड्यांना लांबून दिसावं म्हणून मागे निशाण. आत दोन मुलांची जागा आणि एका जागेवर वाळूचं पोतं, चक्क पट्टा लावून बसवलेलं!

“हे कोण?” आजींनी विचारलं.

“फेरी मारून बघायला, आजी. पहिल्या फेरीला मूल नाही बसवत आम्ही, पोतं बसवतो. चालवणाऱ्याला वजनाचा अंदाज येतो. दुकानाचा नियमच आहे.”

नियम ऐकून आजींच्या मनात मालकिणीबद्दल जरा आदर उपजला. तो त्यांनी ताबडतोब दाबला आणि पट्टा हातात घेतला.

आणि त्यांचा हात थांबला!

काय ती शिलाई! चौकोन, चौकोनात फुली, फुलीवर परतीचा टाका. बारा वर्षं ज्या टाक्यासाठी त्या बायकांच्या मागे लागल्या होत्या, तो टाका इथे एका रेषेत, रांगोळीसारखा! नखाने उचकटून बघितलं, हलेना. आजींचे हात देवळात आल्यासारखे जुळायचेच बाकी राहिले. टाक्याच्या बाबतीत त्या आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. आता रविवार वाचवायचा तर खोटं बोलावं लागणार!

“आई, कसं आहे?” लेकीने विचारलं.

“बघते अजून. जोड बघायचे राहिलेत,” त्या पुटपुटल्या.

जावई हेल्मेट आणायला गेला. मालकिणीने गाडा एका सायकलला जोडला आणि ती पुढच्या चाकात हवा भरायला वळली. लेक मुंगीच्या हातून तंबूची दोरी सोडवत होती. आजींनी डाव साधला. खरा दोष असतो तो सीटच्या खालच्या जोडात! त्यांनी पोतं काढून भिंतीजवळच्या बाकावर ठेवलं, चाकात अडकेल म्हणून शाल पोत्यावर टाकली आणि वाकून ट्रेलरमध्ये शिरल्या. आजींची चण अशी की कपाटातल्या हँगरलाही त्यांचा हेवा वाटावा! खालचा जोड तपासला. तोही निर्दोष!

आता एकच परीक्षा उरली होती. इथे तुळई कुठली? आजी सीटवर बसल्या, खांद्यावरून दोन पट्टे घेतले, कमरेचे दोन आणि मधला एक जोडून बक्कल लावलं आणि सगळं अंग पुढे झोकून दहा आकडे मोजले. पट्टा तसूभर हलला नाही.

अकराव्या आकड्याला त्यांनी बक्कल उघडायला घेतलं. तेही तसूभर हललं नाही!

मुलांना उघडता येऊ नये असंच बनवलेलं बक्कल ते! त्यांनी दाबलं, ओढलं, पिळलं. शेवटी रागावून बघितलं. हाक मारावी तर काय म्हणून? एकतीस वर्षांची तपासनीस बक्कलात अडकली म्हणून? त्या दोन मिनिटं तशाच बसल्या, आणि तीच दोन मिनिटं नडली! मालकिणीने येता येता पडदा उघडा बघितला, “आत धूळ जाते” म्हणत आत न बघताच खर्रकन खाली ओढला. जावई हेल्मेट घालून आला, सायकलवर बसला आणि निघाला!

“अहो जावईबापू! थांबा! थांबा म्हणते ना!”

हेल्मेट कानावर, रस्त्याला गाड्या. जावई स्वतःशी मोठ्याने म्हणाला, “मागे काहीतरी करकरतंय. तेल द्यायला हवं.”

आजी संतापाने लाल झाल्या. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जावई बोलू लागला.

“मुंगे, बघ हं, डावीकडे कुत्रा! केवढं मोठं नाक त्याचं! आता उतार येणार. घाबरायचं नाही, बाबा आहे!”

वाळूच्या पोत्याशी बोलत होता तो! उद्या मुंगी बसेल तेव्हा सवय असावी म्हणून. सात वर्षांत तीन वाक्यं बोललेला माणूस अखंड बडबडत होता, मध्येच बेसूर गुणगुणत होता, वळणावर बदकाचा आवाज काढत होता. आजी थक्क! हे सगळं याच्या पोटात होतं?

“आता खरी गोम आहे, मुंगे,” जावई धापा टाकत म्हणाला. “आजीने गाडा नापास केला तर नाही घ्यायचा. पट्ट्यातलं तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. तिच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही बाबा! तिच्यासमोर उभा राहिलो की मला गृहपाठ विसरल्यासारखं होतं.”

आजींनी उघडलेलं तोंड अलगद मिटलं.

मग उतार आला. गाडा सुसाट निघाला. पडद्याच्या फटीतून आजींना जग दिसत होतं, पण कसलं जग! आभाळ भलतंच उंच झालेलं. झाडांचे शेंडे वरून वाहत चाललेले. कुंपणाखालून मांजर थेट डोळ्याला डोळा भिडवून बघणारं. गवताची पाती भाल्यांएवढी आणि प्रत्येकावर ऊन! आजी कैक वर्षं वरून खाली बघत आल्या होत्या. खालून वर बघायचं त्या विसरूनच गेल्या होत्या.

आणि त्यांना आठवली ती दुसरी सायकल. नवरा चालवतोय, आपण मागे, आणि मध्ये चादरीने पोटाशी बांधलेली लेक, एवढीशी. ना हेल्मेट, ना निशाण. चादरीची गाठ मात्र आजींची, त्यामुळे काळजी नव्हती! त्या पोरीलाही तेव्हा असंच आभाळ दिसलं असेल का? ती टाळ्या का वाजवायची ते आज कळत होतं. पुढे आजी स्वतःच्या सायकलवर कारखान्यात जात. नवरा गेला, त्या दिवसापासून सायकलला हात लावला नव्हता.

तळ्याकाठी जावई थांबला. “बघू या पोतं सरकलं का,” म्हणत त्याने पडदा वर केला.

आत गुडघे हनुवटीला टेकलेल्या, केस विस्कटलेल्या, डोळे पाणावलेल्या सासूबाई!

“शिलाई बघत होते,” आजी म्हणाल्या.

जावई मागे मागे गेला आणि चिखलात बसला.

बक्कल उघडायला तो धावला, पण चिखलाने बरबटलेली बोटं अशी घसरत होती की बक्कलाचीच कीव यावी! शेवटी आजीच म्हणाल्या, “राहू दे. चला तसेच. आणि पडदा वर ठेवा.” मग चिखलाने माखलेला जावई पुढे आणि आजी मागे, अशी मिरवणूक भर रस्त्याने दुकानाकडे निघाली. कोपऱ्यावर एक बाई “अगबाई, बाळ बघू!” म्हणत कौतुकाने वाकली. तशीच ताठ झाली आणि भराभर निघून गेली.

“आई,” जावई पुढे बघतच म्हणाला, “तुम्ही सगळं... ऐकलंत?”

“बदक छान काढता,” आजी म्हणाल्या.

दुकानात वेगळंच नाटक चाललं होतं! भिंतीजवळच्या बाकावर डोक्यावरून शाल घेतलेलं वाळूचं पोतं भिंतीकडे तोंड करून बसलेलं. शेजारी लेक, नजर स्वतःच्या बुटांवर, डोळे भरलेले. तिच्या पाठीवरून मुंगी ओणवी होऊन शालीला बिस्किटाचा चुरा भरवत होती.

“आई, रागावलीस ना?” लेक म्हणत होती. “आता तरी बोल काहीतरी!”

“कुणाशी बोलतेस गं?” दारातून आजींनी विचारलं.

लेकीने दाराकडे बघितलं. बाकाकडे बघितलं. शालीचं टोक उचललं. आणि किंचाळली!

मालकिणीने येऊन एका बोटाने बक्कल उघडलं, तेव्हा कुठे आजी गाड्यातून उतरल्या. कंबर धरतच त्यांनी विचारलं, “काय सांगत होतीस?”

“पोत्याला सांगितलं. पुन्हा नाही सांगणार! तू मध्येच ‘नको’ म्हणतेस.”

“वीस मिनिटं बोलत होत्या हो त्या,” मालकिणीला राहवेना. “तुम्ही रविवारी घरी एकट्या राहिलात तर त्यांचा पाय निघणार नाही म्हणाल्या. तुमच्यासाठी बुटक्या दांड्याची एक सायकल त्यांनी बाजूला काढून ठेवायला सांगितलीय, पण तुम्हाला विचारायला घाबरतात. मला वाटलं तुम्ही ऐकताय! म्हटलं, काय कठोर काळजाची बाई आहे, मानसुद्धा हलत नाही!”

आजींनी बाकावरच्या शालीवरचा बिस्किटाचा चुरा झटकला. जावयाने चिखलाच्या हाताने तक्ता पुढे धरला, पेन्सिल सरसावली.

“तुम्ही म्हणाल ते, आई. शिलाई?”

“पास.”

“पट्टे?”

“पास.”

“बक्कल?”

“बक्कल,” आजी मनगट चोळत म्हणाल्या, “फारच पास!”

मग त्या लेकीकडे वळल्या. “कुठे आहे ती सायकल? सीट किती उंच आहे ते मी स्वतः बघणार.”

पुढच्या रविवारी ट्रेलरमागे आजींची सायकल होती. पहिल्या शंभर पावलांत त्या दोनदा डुलल्या आणि एका कुंपणाला भेटून आल्या. मग पायांना आठवलं. मान वळवून मागच्या जाळीतून मुंगी त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती आणि पुढे जावई बदकाचा आवाज काढत होता, आता मुद्दाम मोठ्याने.

वाळूचं पोतं मालकिणीने भेट म्हणून दिलं. ते आता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, आजींची जुनी शाल घेऊन बसलेलं असतं. लेकीला काही अवघड सांगायचं असलं की ती आधी त्याच्याशी बोलते आणि आजी दाराआड उभ्या राहून सगळं नीट ऐकून घेतात. सोय चांगली आहे, आजींची काही तक्रार नाही.

फक्त परवा लेक त्या पोत्याला म्हणाली, “आई, अलीकडे तू किती समजूतदार झालीयेस!” तेवढं मात्र त्यांना जरा लागलं.