दिनकररावांची स्तुती

अलंकार शिकवताना जवळचं उदाहरण द्यावं, असं बी.एड.ला सांगतात, फार जवळचं देऊ नये, हे मात्र कुणी सांगत नाही. सेलूच्या एका ज्युनिअर कॉलेजात सुगत सर सात वर्षं मराठी शिकवत होते, तेही कायम न होता. कायम करायची सही ज्यांच्या हाती, ते संस्थेचे अध्यक्ष दिनकरराव नगरपालिकेला पुन्हा उभे होते. आणि नेमकं तेव्हाच सरांना व्याजस्तुती शिकवायची हौस आली. वरून स्तुती, आतून चिमटा, असं समजावून त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘एकाच रस्त्याचं तीनदा भूमिपूजन करणारा दुसरा कर्मयोगी दाखवा. प्रभागावर यांचं एवढं प्रेम, की नालीचं पाणीसुद्धा बाहेर जाऊ दिलं नाही.’

नाव कुठंच नव्हतं. पण तीनदा नारळ फोडलेला रस्ता गावात एकच. बारावीतल्या निकितानं फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच अध्यक्षांचं बोलावणं आलं.

“दुसरं कुणी गावलं न्हाई का तुमाला?” सरांची बायको संघप्रिया म्हणाली. “सात वर्षं कळ काढली, अन् आता हे असलं सुचायलंय.”

सर मनात माफीची वाक्यं जुळवत गेले. तर दिनकररावांनी पेढाच पुढे केला.

“लय झकास लिवलं, सर. प्रचाराच्या रिक्षावर लावायला सांगितलंय.”

सरांनी पेढा तोंडात टाकला. अध्यक्षांना ही खरीच स्तुती वाटली होती तर! रिक्षा फिरू लागली. लोक दुकानातून उठून ऐकायला यायचे. भाजीवाल्या चांगुणाबाई तर रिक्षा अडवून म्हणायच्या, “ते नालीचं पुन्यांदा लाव, बाबा.” चौकाचौकात हशा पिकायचा, आणि इकडे सरांना घास गोड लागेना. आज ना उद्या कुणीतरी अध्यक्षांना अर्थ सांगणार, आणि सही राहिली बाजूला, घरी बसावं लागणार.

मतदानाला चार दिवस असताना सरांनी आपणहून नवा मजकूर नेऊन दिला. अगदी सरळ: अध्यक्ष प्रामाणिक, कार्यतत्पर, जनतेचे सेवक. रिक्षावर तो लागला, कुणी हसलं नाही, आणि सर त्या दिवशी पोटभर जेवले.

दिनकरराव अकरा मतांनी पडले. सरांना पुन्हा बोलावणं आलं.

“सर, मला येडा समजलात का? मी बी मराठी घिऊनच बी.ए. झालोय. फळ्यावरचं मला पयल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग... लावलं कशाला?”

“लोक म्हणायलते, कसा का असंना, गडी सोताचं खरं सांगायलाय. हवा झालती माझी. अन् तुमी लिवलं, प्रामाणिक. लोक म्हणले, ह्यो बी खोटं बोलायला लागला.”

दिनकररावांनी एक कागद पुढे सरकवला. कायम नेमणुकीचा होता, खाली सही.

“पाच वर्षं कुठं जायचं न्हाई,” ते म्हणाले. “पुढच्या खेपंला माझी बिनपाण्यानं करा. अन् ते प्रामाणिक, कार्यतत्पर हाय न्हवं, ते समोरच्या पार्टीला फुकट लिवून द्या.”