नवव्या प्रकरणात कोण रडलं?

"ही चष्मेवाली कोण?" बायकोने विचारलं, तेव्हा लेखकाच्या तोंडात टोस्टचा अर्धा तुकडा होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोबाइल डब्याला टेकवून दोघं लेखकाची मुलाखत ऐकत होती. नवीन पुस्तकांच्या लेखकांशी गप्पा मारणारा हा पॉडकास्ट. लेखकाने त्याचा एकही भाग कधी चुकवला नव्हता आणि आज त्यात त्याचा स्वतःचा नंबर लागला होता. एरवी तो विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे शोधून काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी दार लावून लिहीत बसायचा. चार वर्षं खपून त्याची रहस्यकादंबरी एकदाची बाहेर आली होती.

"कोण चष्मेवाली?"

"जरा मागे घ्या ते."

मुलाखत थोडी मागे गेली. मुलाखतकाराने खर्जातल्या आवाजात विचारलं, "तुमची पहिली वाचक कोण?" आणि लेखक उत्तरला, "माझी पत्नी. नववं प्रकरण तिला वाचून दाखवलं. आधी तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मग तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. तेव्हाच मी ओळखलं, कादंबरी जमली."

"मला चष्मा नाही," बायको म्हणाली. "आणि नववंच काय, पहिलं प्रकरणसुद्धा तुम्ही मला वाचून दाखवलेलं नाही."

"अगं, या प्रश्नाला सगळे लेखक 'पत्नी' असंच सांगतात. मी सगळ्या मुलाखती ऐकल्यात. मी एकट्यानेच 'कुणी नाही' म्हटलं तर कसं दिसेल? मारली थाप."

बायको शाळेत गणित शिकवायची. परीक्षेच्या हॉलमध्ये तिची नुसती चाहूल लागली, तरी पोरांच्या बाह्यांतल्या चिठ्ठ्या बूट-मोज्यांत जायच्या. तिने टोस्ट बाजूला सारला.

"थाप मारणारा 'ती रडली' म्हणून मोकळा होतो. नाकाचा शेंडा, दोनदा काढलेला चष्मा, हे बघितल्याशिवाय सुचत नाही. तुम्हीच सांगता ना, खोट्या दाव्यात बारीकसारीक काही नसतं म्हणून?"

लेखक उरलेला टोस्ट तसाच टाकून ऑफिसला निघाला.

ऑफिसात पोचताच त्याने मुलाखतकाराला फोन लावला. "तेवढं पहिल्या वाचकाचं काढून टाकता येईल?"

"का हो?"

"काही नाही. घरगुती कारण."

'घरगुती' ऐकताच पलीकडचा आवाज गोड झाला. "अहो, त्याचीच तर क्लिप केलीय! सकाळीच टाकली. लोक डोक्यावर घेतायत."

दुपारपर्यंत ती क्लिप सगळ्या नातेवाइकांत फिरली. सासूबाईंनी लेकीला फोन केला, "तुला चष्मा लागला आणि आईला कळवलंही नाहीस?" आता नवऱ्याची लाज झाकायची म्हणून बायको म्हणाली, "वाचण्यापुरताच आहे गं." शिक्षकांच्या खोलीत सगळे तिचा चष्मा बघायला मागू लागले, तेव्हा तो घरी राहिल्याचं तिला सांगावं लागलं. संध्याकाळी ती घरी आली ती नाकावर नवाकोरा चष्मा घेऊनच.

"खोटं तुम्ही बोलायचं आणि निस्तरायचं मी," ती म्हणाली. "तुमच्या त्या मुलाखतकाराचा फोन आला होता. पुढची मुलाखत पहिल्या वाचकाची. शनिवारी बोलावलंय. मी हो म्हणाले."

"काय बोलणार तू तिथे?"

"खरं तेच. रडली ती मी नव्हे. तोवर तिचं नाव कळलं तर ठीक, नाहीतर मी तिथूनच भावाकडे राहायला जाईन."

लेखक हसला, पण ती हसली नाही. बॅग कपाटावरून खाली आली होती आणि अठरा वर्षांच्या संसारात ती अशी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बायकोने तपास सुरू केला. लेखकाच्या बहिणीला विचारलं, छापण्याआधी पुस्तक तपासणाऱ्या बाईंना विचारलं. दोघींनी कानावर हात ठेवले. मग इमारतीच्या वॉचमनने, विचारायच्या आधीच, सगळं ओकून टाकलं.

"मॅडम, बोलू की नको कळत नव्हतं. साहेब मागे काही दिवस गाडी लावली तरी उतरायचे नाहीत. काचा वर करून कुणाशी तरी बोलायचे. सारखं आपलं 'जाऊ नकोस, मला सोडून जाऊ नकोस'. मी आपला लांब व्हायचो."

बायको वर आली आणि बॅगेत कपडे भरू लागली. आता मात्र लेखकाचं धाबं दणाणलं.

"अगं, तो मीच!"

"गाडीत तुम्हीच होतात, ते कळलं."

"रडणाराही मीच! नववं प्रकरण मोठ्याने वाचून बघत होतो. समोरच्या आरशात माझंच नाक लाल झालेलं दिसलं. चष्माही माझाच. पण आठ प्रकरणं ज्याच्या डोळ्यांत टिपूस येत नाही, असा इन्स्पेक्टर लिहिणारा माणूस स्वतःच गाडीत बसून रडतो, हे मुलाखतीत सांगू?"

बायकोने बॅगेतून हात काढला, कपाटावरची कादंबरी आणली आणि त्याच्यापुढे धरली.

"वाचा. बघू कसे रडता."

लेखक वाचू लागला. बायको हाताची घडी घालून समोर बसली. इतक्या कडक नजरेखाली कोण रडणार? एक पान झालं, दोन झाली. डोळे खडखडीत. त्याने हळूच बोट नाकाकडे नेलं.

"नाक चोळू नका. ते धरणार नाही."

तिसऱ्या पानावर दवाखान्यातल्या खाटेवरून इन्स्पेक्टरची बायको म्हणते, "तुमचे मोजे खालच्या कप्प्यात आहेत. सांगायला आता मी नसेन." लेखकाचा आवाज इथे जरासा अडकला. वर पाहिलं तर समोर घडी सुटली होती आणि नव्या चष्म्याखाली नाकाचा शेंडा लालबुंद झाला होता.

"हे मोज्यांचं तर मी रोज सांगते. ही मी आहे?"

"हो."

"मला मारलंत?"

"कथेची गरज होती गं."

"आणि मग रडलात?"

"अकरा दिवस. रोज गाडीत."

बायकोला फार बरं वाटलं. आपण नसलो तर या माणसाचं काय होईल, हे तिने अनेकदा मनाशी म्हटलं होतं, पण ते त्यालाही ठाऊक असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने बॅगेतले कपडे काढून परत कपाटात लावले, चष्मा पुसला आणि पुस्तक हातात घेऊन मायेने पान उलटलं.

"दहावं नको," लेखक घाईघाईने म्हणाला. "दहावं कंटाळवाणं आहे."

पण ती वाचू लागलीही होती. "'तीन महिन्यांनी इन्स्पेक्टर प्रथमच हसला. समोर नवी डॉक्टर बसली होती. तिच्या गालाला खळी पडत होती.'"

तिने पुस्तक मिटलं.

"शनिवारी किती वाजता बोलावलंय हो त्यांनी?"