कोकम क्रीमची निवृत्ती

हेमांगी तेंडोलकर यांच्या कोकम क्रीमने मार्चच्या सुरुवातीला निवृत्ती मागितली. त्या बरण्यांना झाकणं लावत होत्या, तेव्हा क्रीमने स्वतःच विषय काढला.

"ताई, मला आता मोकळं करा."

कुडाळात घरामागच्या खोलीत हेमांगीताई साबण, लेप आणि क्रीम बनवतात. सगळ्यांत जास्त खप याच क्रीमचा.

"आत्ता? पुण्याहून मागणी वाढतेय," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर. आधी गावातल्या बायका कोकमाच्या बिया कुटून, उकळून तेल काढायच्या. मागणी वाढली, तेवढं पुरेना. तुम्ही कारखान्याचं आणलंत. त्याला वास नाही म्हणून सुगंध घातलात, नीट मिसळेना म्हणून मेण. आता बरणीवरचं नाव तेवढं माझं राहिलंय."

"कुणी तक्रार केली का?"

"नाही. कौतुकच करतात. त्याचीच लाज वाटते."

हेमांगीताईंना हे लागलं. एवढ्यात शेवंती परब आल्या. त्या काजूच्या फॅक्टरीत बिया फोडतात. टरफलातल्या तेलाने त्यांचे हात पोळतात.

"बरं झालं आलात, काकी. याला समजवा. जायचं म्हणतंय."

शेवंतीकाकींनी पिशवी खाली ठेवली. "आणि माझ्या हातांचं काय?"

"दाखवा," क्रीम म्हणालं.

काकींनी तळवे पुढे केले. क्रीमने ते बराच वेळ पाहिले. "हल्ली भेगा भरत नाहीत ना?"

"नाहीत. मला वाटलं, माझेच हात म्हातारे झाले."

हेमांगीताईंनी हातातलं झाकण खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "सोमवारी निरोप समारंभ करू."

सोमवारी फॅक्टरीतल्या बायका आल्या. शाल मोठी होत होती, म्हणून बरणीला हातरुमाल पांघरला आणि शेजारी नारळ ठेवला. भाषणाला क्रीमने नम्रपणे नकार दिला. दुपारच्या एसटीने ते मालवणला मावशीकडे गेलं.

अजून फोन येतात: इतकं चांगलं क्रीम बंद का केलंत? हेमांगीताई सांगतात, "निवृत्त झालं." बहुतेक जण त्याच्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवतात.

आता रविवारी हेमांगीताई आणि शेवंतीकाकी पडवीत बसून बिया कुटतात. वाटीभर तेल निघतं. फॅक्टरीतल्या बायकांच्या हातांना तेवढं जेमतेम पुरतं. परवा काकींनी वाटीतल्या तेलाला विचारलं, "तुझं नाव काय ठेवू?"

ते अजून काही बोललेलं नाही. दोघींनाही घाई नाही.